चाळीस पेन ड्राइव्हचं वाण

धारच्या नलूकाकूंनी माझ्या भाचीला बुडवलं. पेन ड्राइव्ह मी विकले होते. या दोन वाक्यांच्या मधे जे काही आहे ते तीन वर्षं घशात अडकून बसलंय, आणि संक्रांत जवळ आली की वर येतं.

आज सकाळी तेच झालं. दुकानाच्या वरच्या मजल्यावर बिऱ्हाड आहे, तिथे कुणीतरी तीळ भाजायला घेतले. वास जिन्यानं खाली उतरला आणि मी एका गिऱ्हाइकावर उगाच खेकसले. बिचारा की-बोर्ड घ्यायला आला होता, म्हणाला, आंटी, ऑनलाइन तो सस्ता मिल रहा है. हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकते आणि दहाही वेळा माणसाला वस्तू विकूनच बाहेर पाठवते. आज म्हटलं, मग तिकडूनच घे, आणि काउंटरवरचा की-बोर्ड परत खोक्यात घातला. तो गेला. मी दारात जाऊन उभी राहिले, आत आले, पुन्हा बाहेर गेले. पायाला स्वस्थता नाही.

कारण मोबाइलवर दोन निरोप एकाच वेळी आले आहेत. एक नलूकाकूंचा, हळदीकुंकवाचा, 'अगत्य येणेचे करावे' असा. दुसरा गार्गीचा. गार्गी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, धारच्या घरातली मुलगी. ती संक्रांतीला पुण्याहून येते आहे. परत गेली की तिच्या कंपनीच्या कागदावर सही करणार आहे, कायम नोकरीची. त्या कागदात एक कलम आहे: तिनं आजवर अर्धवट ठेवलेलं आणि पुढे जे करील ते सगळं काम कंपनीचं. तिच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये तिनंच बनवायला घेतलेला एक अर्धा खेळ आहे. सही झाली की तोही त्यांचा. ते तो पूर्ण करणार नाहीत, कपाटात टाकतील. मला तो खेळ पूर्ण झालेला पाहायचा आहे. एवढंच मागणं आहे, आणि त्यासाठी मी भांडायला बसले आहे.

पौषातला माळवा भांडायला चांगला नाही, हे मान्य. गहू हिरवागार उभा असतो, रस्त्याच्या कडेला हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या, छोड म्हणतात इथे, घेऊन बायका बसलेल्या असतात. संध्याकाळी गराडूचा कंद तळल्याचा वास, त्यावर जीरावनचा आंबट-तिखट मसाला भुरभुरलेला. संक्रांतीच्या दिवशी इथे चांगली मिशीवाली माणसंही गिल्ली-डंडा खेळतात. माझे वडील खानदेशातून कारखान्याच्या नोकरीसाठी देवासला आले, तेव्हा त्यांना हे ठाऊक नव्हतं. पहिल्या संक्रांतीला शेजाऱ्यांनी हातात डंडा दिला, तर यांनी गिल्ली सरळ सुपरवायझरच्या खिडकीत घातली. सुपरवायझर बाहेर आला आणि म्हणाला, भिया, मारा तो अच्छा. पुढे वीस वर्षं ती गोष्ट आमच्या क्वार्टरमध्ये सांगितली जायची. खेळ ही गोष्ट या गावात कधीच पोरकट धरली गेली नाही. ती विकत घ्यायची असते, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. गिल्ली काय, बाभळीची फांदी तोडली की झाली.

मीसुद्धा त्याच मातीची. दहावीनंतर टायपिंग, मग दुसऱ्याच्या सायबर कॅफेत बसणं, मग नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यावर स्वतःचं दुकान. ते दुकान मी कशावर उभं केलं, ते इथे लिहिते, म्हणजे नंतर कुणी मला शोधून काढलं असं व्हायला नको. चोरीच्या खेळांवर. इंदूरच्या बाजारात एक माणूस होता. त्याच्याकडून एक सीडी आणायची आणि रात्रंदिवस तिच्या नकला करायच्या. सीडीवर मार्करनं नाव लिहायचं, कधी चुकीचं. परीक्षा संपल्या की औद्योगिक वसाहतीतली पोरं दारात रांग लावायची: दीदी, वो कार वाली डाल दो, वो बंदूक वाली डाल दो. अख्ख्या देवासात नवा खेळ आधी माझ्याकडे येतो, याचा मला काय गर्व होता. कुणी विचारलं असतं तर मी ठणकावून सांगितलं असतं, की खऱ्या खेळाची जी किंमत आहे तेवढ्यात यांच्या घरचा आठवड्याचा किराणा येतो. ज्यानं खेळ बनवला तो साता समुद्रापार बसलाय, त्याला देवास कुठे आहे तेही ठाऊक नाही. त्याचं आम्ही काय घेतलं? पण कुणी विचारलंच नाही. पोलीसही यायचे ते आपल्या पोरांसाठी सीडी न्यायला.

गार्गी उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे यायची. धारचं तिचं घर जुन्या दरबारी माणसांचं. तिथे पत्ते खेळायलासुद्धा थोरांची परवानगी लागे. माझ्या दुकानात तिला कोण अडवणार? कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर ती सकाळपासून बसायची, जेवायला हाक मारली तर ऐकू जायचं नाही.

त्या सीड्यांची एक गंमत होती. मोठा खेळ एका सीडीत बसत नसे, म्हणून नकला करणारे त्यातले व्हिडिओ आणि संगीत कापून टाकत. शेवटी खेळ बनवणाऱ्यांची नावं येतात, तीही कापत. खेळ चालायचा, पण मुका. पळणाऱ्या माणसाचे पाय वाजायचे, दार वाजायचं, बाकी सामसूम. गार्गीला वाटे, खेळ असेच असतात. पुढे इंदूरला कॉलेजात गेली, तेव्हा होस्टेलच्या शेजारच्या खोलीतून एकदा वाद्यांचा आवाज आला. ही दारात जाऊन पाहते तर पडद्यावर तिचा लहानपणचा खेळ. तिथूनच तिनं मला फोन केला. "मावशी, त्याच्यात गाणं होतं." मी म्हटलं, होतं तर होतं. दुकानात गर्दी होती.

आता कधीकधी मला ते 'होतं तर होतं' ऐकू येतं. माझाच आवाज, बिनकामाचा ताठ.

कदाचित म्हणूनच असेल, तिनं स्वतःचा खेळ करायला घेतला तो आवाजांपासून. आधी चित्रं नाहीत, आधी आवाज. मी तिला दुकानामागची खोली दिली, कॉम्प्युटर दिला. बदल्यात घासाघीस केली. भाडं नको, म्हटलं, पण तुझ्या खेळात माझा आवाज पाहिजे. ती म्हणाली, तुझा आवाज कुणा गरीब बिचारीला शोभणार नाही, पण होडीवाल्याशी भांडणारी एक बाई आहे माझ्याकडे. म्हणून त्या खेळात मी आहे. चार आण्यांसाठी भांडते आणि शेवटी फुकट पार होते.

खेळाचं नाव 'उतारू'. खेळणारा होडीवाला असतो. धरमपुरीला नर्मदेवर होड्या चालतात, आम्ही दोघी तिथे तीन वेळा गेलो. गार्गी होडीत पाण्यापाशी माइक धरून बसायची आणि होडीवाला मला हळूच विचारायचा, बेन, ये छोरी पानी से क्या पूछ रही है? खेळात सात फेऱ्या आहेत, दर फेरीला वेगळा उतारू. बदली झालेले मास्तर, शेळीवाली, नवी नवरी. कुणाला किती वेगानं न्यायचं, कुणाशी बोलायचं, कुणाला बोलू द्यायचं, एवढंच करायचं असतं. बंदूक नाही, शर्यत नाही. आपल्याकडची जी मुलं हिंदी शाळांतून शिकली आणि घरात मराठी ऐकून नुसती मान डोलावतात, त्यांच्यासाठी तिनं तो केला होता. हळूहळू शब्द कळत जातात, कारण उतारू जाता जाता वस्तूंची नावं घेतो.

तिसऱ्या फेरीला येते एक म्हातारी, लेकीकडे निघालेली. तिला नलूकाकूंचा आवाज आहे.

नलूकाकू म्हणजे गार्गीच्या वडिलांच्या काकू, म्हणून साऱ्या घराच्याच काकू. पंच्याहत्तरीच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. घरात त्या जी मराठी बोलतात ती आता पुण्यातसुद्धा सापडणार नाही. त्यांच्या कोठीच्या खोलीत आम्ही चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या, मधे काकूंना पाटावर बसवलं आणि गार्गीनं माइक पुढे केला. काकू म्हणाल्या, "अरे, मला पैलाडी जावयाचे आहे. उतरताना तेवढा हात दे, म्हणजे झाले." गार्गीनं ते अकरा वेळा म्हणायला लावलं. अकराव्या वेळी काकूंचा आवाज हलला. गोधड्यांमधून बाहेर आल्यावर म्हणाल्या, आमच्या सासूबाई अशाच बोलत, मी त्यांना ऐकले आत्ता. मग स्वतः उठून सगळ्यांना चहा केला. त्या घरात तो मान क्वचित मिळतो.

खेळ अजून पुरा व्हायचा होता. पण काकूंना आपला आवाज ऐकण्याची घाई. म्हणून गार्गीनं त्यांच्या कॉम्प्युटरवर कच्ची प्रत घालून दिली. त्या कच्च्या प्रतीत खोट होती. तिसऱ्या फेरीला म्हातारी बोलून संपली की होडी नदीच्या मधोमध थांबायची आणि काही केल्या हलायची नाही. काकूंना ते कधी कळलंच नाही. त्या आपला आवाज ऐकत आणि कॉम्प्युटर बंद करत.

मार्गशीर्षात खरा, पुरा खेळ विक्रीला निघाला. इंटरनेटवरून घ्यायचा. पहिल्या महिन्यात लोकांनी भरभरून लिहिलं. परदेशी राहणाऱ्या कुणी मराठी बाईंनी लिहिलं की त्या म्हातारीचं बोलणं ऐकून मी आईला फोन केला. बंगळुरूच्या दोन माणसांनी गार्गीला कळवलं, दुसऱ्या भागासाठी आम्ही मदत करू, थोडे दिवस लोकांचं काय म्हणणं येतं ते पाहतो. मी दुकानात पेढे वाटले. इतकी वर्षं लोकांचे खेळ वाटले होते, म्हटलं आपल्याही घरचा एक झाला.

आणि संक्रांतीच्या आठ दिवस आधी नलूकाकूंचा फोन आला. चाळीस पेन ड्राइव्ह पाहिजेत, घाऊक भावात.

माझं रक्त गिऱ्हाइकाचं नाव ऐकूनच उसळतं. मी भाव सांगितला, त्यांनी निम्मा केला, मी नातं काढलं, त्यांनी जुनं नातं काढलं. अर्धा तास आम्ही दोघी फोनवर अशा रंगलो, की कशाला पाहिजेत हे विचारायचं राहूनच गेलं. मनात म्हटलं, कीर्तनं घालायची असतील. सौदा ठरल्यावर त्यांनी विचारलं, यातले त्यात कसे घालावे गं? मी चार पायऱ्या सांगितल्या. म्हटलं, लिहून घ्या काकू. त्यांनी लिहून घेतल्या आणि मला वाचून दाखवल्या, एकही चूक नाही. मी शाबासकी दिली.

हळदीकुंकू धारला, त्यांच्या दिवाणखान्यात. ती दुपार मी आजही जशीच्या तशी पाहू शकते. सतरंजीवर बसलेल्या बायका, अत्तराचा फाया, गुलाबदाणी, सुगडातल्या बोरांचा आंबट वास. गार्गी तिळगूळ फिरवत होती. काळी साडी नेसली होती, साडी सारखी पायात येत होती. नलूकाकूंनी खणाच्या इवल्याशा पिशव्या शिवल्या होत्या, चाळीस, हातशिलाईच्या. प्रत्येकीची ओटी भरून झाल्यावर त्या म्हणाल्या, "प्लास्टिकचे डबे किती वाटायचे? यंदा म्हटले काही निराळे द्यावे. यात आपल्या गार्गीचा खेळ आहे, आणि मी बोलले आहे."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. गार्गीच्या हातात तिळगुळाची वाटी होती. ती एका बाईसमोर वाकलेली तशीच राहिली, मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी उठायला लागले होते. तिनं मान हलवली, एवढीशी, आणि पुढच्या बाईला तिळगूळ दिला. गोड बोला म्हणाली.

मी परत सतरंजीवर बसले. माझ्या मांडीवर खणाची पिशवी. त्यातला पेन ड्राइव्ह माझ्याच दुकानातला. त्यावर चिकटवलेला कागद: 'हळदीकुंकवानिमित्त सौ. नलिनी यांजकडून.' वाण परत करत नाहीत. वाणाची किंमत विचारत नाहीत. वाण नाकारलं तर देणारीचं सौभाग्य नाकारल्यासारखं होतं. हे सगळं मला आईनं शिकवलंय, आणि त्या दुपारी ते सगळं माझ्या तोंडावर हात ठेवून बसलं.

चाळिसांपैकी निम्म्या बायकांनी तो टीव्हीला लावला. काही दिसेना, म्हणून त्यात लग्नाचे फोटो भरले. हे मला नंतर कळलं आणि मी हसले, वाईट हसले. पण उरलेल्यांत कुणाचा मुलगा, कुणाचा भाचा कॉम्प्युटरवाला निघाला. त्यातल्या एकानं तो खेळ इंटरनेटवर चढवला, फुकट. वाईट हेतूनं नसेल. आईला वाटून मिळालं, त्यानं पुढे वाटलं. तिथून तो कुठल्या कुठे गेला. गार्गीचं नाव मागे पडलं, काकूंचंही पडलं. गेली ती फक्त कच्ची प्रत, मधोमध थांबणाऱ्या होडीसकट.

फेब्रुवारीत तक्रारी सुरू झाल्या. ज्यांनी एक पैसा दिला नव्हता त्यांच्या. होडी अडकते. बेकार गेम. बनवणाऱ्याला काही येत नाही. ज्या पानावर खरा खेळ विकला जात होता तिथे येऊन लोकांनी तसं लिहिलं. गार्गी प्रत्येकाला उत्तर द्यायची, नम्रपणे, की ही पुरी प्रत नाही. तिचं कोण ऐकतं. बंगळुरूच्या दोघांनी ते सगळं वाचलं आणि फार सभ्य शब्दांत कळवलं की सध्या जमणार नाही.

एक फोन तेवढा निराळा आला. सरदारपूरहून, पूजा नावाच्या मुलीचा. माहेर हिंदी बोलणारं, सासर मराठी. सासूला काकूंकडून वाण मिळालेलं. पेन ड्राइव्हच्या मागच्या बाजूला माझ्या दुकानाचा शिक्का आणि नंबर होता, म्हणून तिनं मला गाठलं. म्हणाली, दीदी, मैं रोज खेलती हूँ. सासूबाई काय बोलतात ते पहिल्यांदा त्या गेममुळे कळायला लागलं. कल मैंने उनसे कहा, उतरताना हात द्या, तर त्या इतक्या हसल्या, और सच में हाथ दिया. मग म्हणाली, "दीदी, वो अम्मा बीच नदी में बैठी हैं चार दिन से. होडी कब चलेगी?"

मी तिला सांगितलं की तुझ्याकडे आहे तो चोरीचा आहे, खरा विकत मिळतो. ती हळूच म्हणाली, "वाण था ना? वाण के पैसे किसको देने होते हैं, ये कैसे पता चलता?" त्याच दिवशी तिनं खरा खेळ विकत घेतला. दोन दिवसांनी तिचा निरोप आला, अम्मा उतर गईं.

ही पूजा माझ्या सगळ्या हिशेबात कुठे बसत नाही. ती नसती तर मला नुसतं चिडता आलं असतं. काकूंनी वाटलं नसतं, तर हा खेळ सरदारपूरच्या त्या घरात कधी पोचला असता? आणि माझ्या दुकानात चोरीचे खेळ नसते तर गार्गी तरी कुठून आली असती? हे ती स्वतःच म्हणते. धारच्या घरानं तिला परदेशी खेळ विकत घेऊन दिला असता होय? पण मग मी तिला हेही विचारते, की अशी एक पूजा मिळावी म्हणून किती जणांनी तुला बेकार म्हणायचं? ती खांदे उडवते. मला तिचं ते खांदे उडवणं सहन होत नाही.

त्या वेळी मी एकदाच काकूंना फोन केला होता. गार्गीनं बजावलं होतं की होडी अडकल्याचं त्यांना सांगायचं नाही, त्यांच्या आवाजाशी त्यांची होडी अडकली हे कळलं तर त्या जेवणार नाहीत. मग मी काय बोलणार? एवढंच म्हटलं, काकू, जो विकायला ठेवलाय तो खेळ तुम्ही वाटला, ही चोरी झाली. पलीकडून त्यांचा शाळेतला आवाज आला: "माझा आवाज मी वाटला. त्यात चोरी कसली? आणि पोरीचे चार घरी कौतुकच झाले ना?" मी फोन आपटला. आपटायला नको होता. पण त्यात माझाही आवाज होता, काकू, आणि मी तो वाटला नव्हता. तीन दिवस माइकसमोर बसलं म्हणजे तीन वर्षं जागून केलेली गोष्ट आपली होत नाही.

हे बोलणं सोपं आहे. आवाजाचा मुद्दा मी जिंकते. पुढचा जिंकत नाही.

कारण स्टीलची वाटी वाण दिली तर ती आपल्या घरातून जाते. देणारीला ती गेलेली दिसते, म्हणून देण्याला अर्थ येतो. खेळ मात्र चाळिसांना दिला तरी काकूंच्या घरात जसाच्या तसा राहिला. आपलं काही कमी झालं नाही, समोरचीला मिळालं, मग वाईट कुणाचं झालं? कमी झालं ते तिसऱ्याच घरात, दुकानामागच्या खोलीत, जिथे कुणी पाहत नव्हतं. मला ते दिसलं, कारण ती खोली माझी होती. इंदूरहून आणलेल्या सीड्यांच्या मागेही कुठेतरी अशी खोली असणार, एवढं मला वीस वर्षांत एकदाही सुचलं नाही.

मला सुचलं नाही, गार्गीला सुचलं. गेल्या दिवाळीत ती आली होती. पुण्यात ती आता पत्त्यांच्या जुगाराच्या एका अॅपसाठी पडद्यावर पडणाऱ्या नाण्यांची चित्रं काढते. वरून पडणारी, उसळणारी, फिरणारी. काम चोख करते, पगार चांगला आहे, आईवडील खूश. मी तिला 'उतारू'च्या दुसऱ्या भागाचं विचारलं, तिच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये अर्धा पडलेल्या. त्यात या वेळी होडीवाली असणार होती, धरमपुरीची, पूर आलेल्या रात्री एकटी निघालेली. मी म्हटलं, कधी पुरा करतेस? तिनं विचारलं, "मावशी, तू ज्या सीड्या विकायचीस, त्या बनवणाऱ्यांपैकी कुणी असं सोडून गेलं असेल का गं?"

रागानं विचारलं नव्हतं. राग असता तर मी परतवला असता, मला ती भाषा येते. तिला खरंच माहिती हवी होती. मी उठले, गॅस बंद होता तरी बंद आहे का पाहून आले. परत आले तोवर ती मोबाइल पाहत होती.

तेव्हापासून मी तिला उत्तर जुळवते आहे. कधी वाटतं म्हणावं, नाही गं, त्या मोठ्या कंपन्या, त्यांना काय फरक पडतो. पण मोठ्या कंपनीतही कुणीतरी ते गाणं बसवलं असेल, जे आम्ही जागा कमी पडते म्हणून कापलं. कधी वाटतं म्हणावं, असेल गेलं सोडून. मग पुढे काय? माफी कुणाच्या पत्त्यावर पाठवायची? मला माझा गुन्हेगारपणासुद्धा घाऊकातच सापडतो, एक माणूस असा समोर येत नाही.

काकू, तुमच्या समोर मात्र माणूस आहे. म्हणून मी हे आपल्या महाराष्ट्र समाजाच्या अंकात लिहिते आहे, जो संक्रांतीच्या आधी तुमच्या हातात पडतो आणि जो तुम्ही पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचता. गार्गीला दिलेला शब्द मी मोडते आहे. तुमचं जेवण जाणार नाही, तुम्ही तिला वाटतं त्यापेक्षा कणखर आहात. अर्धा तास भाव करताना मी ते पाहिलंय. तर वाचा. तुमच्या बोलण्यानंतर होडी अडकते. तुम्ही वाटलेल्या प्रतीमुळे लोक तिला अडाणी म्हणाले, ज्यांनी तिला हात द्यायचा ते मागे सरले, आणि ती आता नाणी काढते. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणं ही सबब एकदा चालते. आता ठाऊक आहे.

मला विचाराल, तू पेन ड्राइव्ह का विकलेस, कसं घालायचं ते का शिकवलंस, आणि तू स्वतः कोण लागून गेलीस, तर जरूर विचारा. चारचौघींत विचारा, मी सतरंजीवरून उठणार नाही. पण माझा नंबर तुमच्यानंतर.

गार्गी भोगीच्या दिवशी संध्याकाळी घरी पोचेल आणि चार दिवस राहील. सहीचा कागद तिच्या बॅगेत असेल. तुम्ही तिला कोठीच्या खोलीत बोलवा, दार लावा आणि समोर बसवून तुमच्या त्या मराठीत सरळ सांगा, की माझे चुकले. कौतुक म्हणून नाही, प्रेमानं केलं म्हणून नाही, वय झालं म्हणून नाही. चुकले, एवढंच. मग तिला विचारा, की पुरातली ती होडीवाली पलीकडे कधी पोचणार.

ती म्हणेल, असू दे काकू. तिला तसं म्हणू देऊ नका.